मधली खूण

१

सुदेश मापाचा माणूस. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो वीस वर्षं तपासणी खात्यात होता. आलेला नग व्हर्नियरच्या चिमटीत धरायचा, आकडा वाचायचा आणि पास की नापास तेवढं सांगायचं, हे त्याचं काम. घरीही तेच. भिंतीला खिळा मारायचा तर आधी टेप, मग पेन्सिल, मग हातोडी. त्याची बायको शिवानी म्हणायची, "हे देवाला हात जोडतानाही कोन बघतात."

असा माणूस दर रविवारी दगडांवर चढायला जायचा, याचं श्रेय मितेशला. मितेश शिवानीचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि शिवानी एकोणीस. तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. सुदेशने लग्न केलं तेव्हा बायकोबरोबर मेहुणाही ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत आला आणि राहिला. आता तो एकोणतीस वर्षांचा बाप्या होता, नोकरी करत होता, तोंडाची टकळी चोवीस तास चालू. फेब्रुवारीत त्याचं लग्न होतं. मुलगी शहाडची, रुपाली नावाची.

मोठ्या गडांवर हे दोघं जात नसत. तिथे रविवारी जत्रा भरते, सेल्फी काढायलाही रांग लागते. यांचा धंदा वेगळा. पायवाटेच्या बाजूला, झाडीत, वीस-तीस फुटांचे एकांडे कातळ असतात. त्यांना नाव नसतं, कुणी मान वर करून बघत नाही. असे दगड हुडकायचे आणि चढायचे. चढून झालं की नाव द्यायचं, बहुतेक शिवानीच्या स्वयंपाकघरातलं. पोळपाट झाला, वरवंटा झाला, खलबत्ता झाला. एकाला तर सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव दिलं होतं, कारण त्याला कुठूनही हात घातला तरी माणूस जागच्या जागीच राहायचा. असे अकरा दगड झाले होते. ही गोष्ट बाराव्याची, आणि त्याला अजून नाव नाही.

२

दोघांची पद्धत ठरलेली होती. मितेश हलका, म्हणून तो पुढे चढायचा. सुदेश खाली उभा राहून दोर धरायचा. चाळीस मीटरचा निळा दोर, त्याचं एक टोक मितेशच्या कमरेला आणि दुसरं सुदेशच्या. मध्ये दोर सुदेशच्या कमरपट्ट्यावरच्या कडीतून जायचा, म्हणजे वरचा माणूस घसरला तर झटकन आवळता येतो. बरोबर वीस मीटरवर सुदेशने काळ्या मार्करने बोटभर रुंद पट्टा काढलेला. ती मधली खूण. ती हातात आली की समजायचं, अर्धा दोर गेला. लहान दगडांवर ती कधी हातात आलेली नव्हती. वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट. एवढा उंच दगड असता तर तो या दोघांच्या वाट्याला कशाला राहिला असता?

वरचा माणूस दिसेनासा झाला की खुणा दोराने. दोन झटके म्हणजे ढील दे. तीन झटके म्हणजे मी वर पक्का बसलोय, आता तुम्ही या.

आणि एक नियम होता. चढलेला माणूस दुसऱ्या बाजूने उतरून खाली आला, तर त्याने दोर धरणाऱ्याच्या समोर यायचं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "सुटलो." तोवर धरणाऱ्याने दोर सोडायचा नाही. लांबून ओरडलेलं चालणार नाही.

हा नियम शिवानीने घालून दिलेला. दोन वर्षांपूर्वी खलबत्त्यावर सुदेशला "सुटलो" असं ऐकू आलं आणि त्याने हात ढिला केला. ओरडला होता पलीकडच्या उतारावरचा एक गुराखी, काय ते देव जाणे. मितेश पाच फूट खाली आला आणि त्याचा घोटा सुजला. शिवानी आठ दिवस सुदेशशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती एवढंच, "माझा भाऊ तुमच्या हातात असतो. कान फसतात. त्याचा हात लागल्याशिवाय सोडाल तर याद राखा."

३

जानेवारीतला शेवटचा रविवार. शिवानीने दोन डबे भरले. मितेशला भेंडी लागते, परतून कडक केलेली; सुदेशला भेंडी बघवत नाही, म्हणून त्याला बटाटा.

"हा शेवटचा रविवार हं," तिने बजावलं. "पुढच्या रविवारपासून पत्रिका वाटायच्यात. नवरदेव हातपाय मोडून पाटावर बसला तर माझं नाक कापलं जाईल."

"ताई, तू ना उगाच टेन्शन घेते. भावोजी आहेत की धरायला."

"म्हणून तर सांगतेय. दोघं जाताय, दोघं या."

शीळफाट्याच्या रस्त्याला लागून मग डोंगराकडे वळायचं. पायथ्याच्या पाड्यात विमलाबाईंची चहाची टपरी होती, तिच्या मागे स्कूटर ठेवायची. विमलाबाई नेहमीचंच बोलल्या, "आलं बाई दगडफोडे. घरात कामं नाय का रं तुम्हाला?"

"मावशी, लग्नाला या! तुम्हाला पत्रिका देणार मी," मितेश म्हणाला आणि तिथून वरपर्यंत बोलतच राहिला. रुपालीला डोंगर आवडत नाही, तिला आपण कसं पटवणार, हॉलवाला कसा लुटतोय. सुदेश मागून हं हं करत होता.

पाऊण तासाने पायवाट एक ओहोळ ओलांडते. तिथे मितेश डावीकडे कारवीत घुसला. "मी मागच्या वेळी लघवीला गेलेलो ना, तेव्हा बघितलेला. भारी माल आहे भावोजी."

काळा, उभट, एकटाच कातळ. समोरून सरळ, मध्ये एक तिरकी भेग. वरची कड सपाट कापल्यासारखी, तिच्यामागे काही दिसत नव्हतं. सुदेशने सवयीने काठी रोवली, सावल्या मोजल्या, मनात हिशेब केला. चौतीस फूट. इंचभर इकडे तिकडे.

मितेशने गाठ मारली, सुदेशने तपासली. मितेशने पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं. त्यावर सुदेशच्या मुलीने, श्रियाने, लेडीबर्डचं लाल स्टिकर चिकटवलेलं होतं. मग तो भेगेला हात घालून निघाला. दहा फुटांवर भेगेत बसवलेली कडीची एक पाचर, वीस फुटांवर दुसरी, दोन्हींत दोर ओवलेला. सोपा दगड होता. बारा मिनिटांत त्याने कडेवर कोपर टाकलं, पाय ओढून घेतला आणि दिसेनासा झाला.

"पोचलो!" वरून आवाज आला. मग हसला.

सुदेशने घड्याळ पाहिलं. दहा वाजून चाळीस मिनिटं.

४

आता वर एखादं झाड किंवा खुंट बघून मितेशने दोर बांधायचा आणि तीन झटके द्यायचे. दोन मिनिटं जातात, फार तर पाच.

दोन झटके आले. ढील.

सुदेशने ढील दिली. झाड मागे असेल, त्याला वाटलं. दोर कडेवरून सरकत वर गेला. थांबला. पुन्हा सरकला.

एखादी गोष्ट चुकतेय हे सुदेशला कळलं, पण काय ते लगेच उमगेना. तपासणीत असं होतं. नग हातात घेतल्याबरोबर बोटांना कळतं की हा नापास. आकडा नंतर वाचायचा. त्याने दोराकडे लक्ष दिलं. हातभर जायचा, थांबायचा. मग वीतभर, मग एकदम दोन हात, मग बराच वेळ काहीच नाही.

वर सपाटीवर चालणारा माणूस दोर असा नेत नाही. चालणाऱ्याचा दोर एकसारखा जातो. हा दोर चढणाऱ्याचा होता. पकड शोधायची, पाय लावायचा, अंग उचलायचं, दम घ्यायचा. नऊ वर्षं त्याने मितेशला असं चढताना तळहातात ओळखलं होतं. आणि चढायला तर काही उरलेलं नव्हतं.

"मितेश!" त्याने हाक मारली. "अरे काय करतोयस? झाड मिळालं का?"

वारा पडलेला होता. ओहोळाकडे एक भारद्वाज घुमत होता, तोही थांबला. फक्त दोराचा खडकावर घासल्याचा आवाज.

मागे दुसरा कातळ असेल, सुदेशने स्वतःला समजावलं. पुढच्याला लागून, खालून न दिसणारा. मितेशला नवीन काही दिसलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. हे पटण्यासारखं होतं. पण येताना त्यांनी हा दगड लांबून, उतारावरून पाहिला होता. मागे फक्त आभाळ होतं.

आणि मग मधली खूण हातात आली.

काळा पट्टा त्याच्या डाव्या मुठीतून निघाला, कडीतून गेला, वर चालला. सुदेश बघत राहिला. चौतीस फुटांच्या दगडावर पासष्ट फूट दोर. पट्टा पहिल्या पाचरीतून गेला, दुसरीतून गेला, कडेवरून वर गेला आणि नाहीसा झाला. सुदेशला घाम फुटला. भीती वाटते हे त्याने मनातल्या मनात साफ कबूल केलं, पण हात ढिला पडू दिला नाही. दोन झटके आले की ढील द्यायची. तो देत राहिला. पायाशी पडलेली वेटोळी एकेक करून उठत होती.

शेवटची तीन उरली. मग त्याच्या कमरेची गाठ.

५

"काय भावोजी, एवढे घामाघूम?"

आवाज पाठीमागून आला. सुदेशने मान वळवली. पंधरा पावलांवर, कारवीच्या कडेला मितेश उभा होता. डोकं उघडं, शर्टाला माती, दात काढून हसत होता.

"तू... कुठून आलास?"

"मागून. मागे मस्त पायऱ्यांसारखं आहे. मी केव्हाच उतरलो. वर काही बांधायला नाहीये, म्हणून दोर सोडला आणि आलो."

"आणि हेल्मेट?"

मितेशने डोक्याला हात लावून बघितलं. "वर राहिलं वाटतं. राहू दे. चला, भूक लागलीय."

सुदेशच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. समोर मेहुणा धडधाकट उभा, आणि आपण काय काय मनात आणत होतो! तो हसलासुद्धा.

तेवढ्यात दोराला दोन झटके बसले.

त्याने दोराकडे पाहिलं, मग मितेशकडे.

"अडकला असेल कुठे तरी," मितेश म्हणाला. "वजनाने सरकतोय. सोडा ना."

वजनाने दोर खाली येतो, वर जात नाही. हे सुदेशला कळायला हवं होतं आणि कळतही होतं. पण माणूस समोर उभा असताना दोराचं कोण ऐकतो? शिवानीने कानांचं सांगितलं होतं. कान फसतात. डोळ्यांचं ती काही बोलली नव्हती.

शेवटची वेटोळी उठली. दोर ताठ झाला आणि सुदेशच्या कमरेला ओढ लागली. जोरात नाही. थांबून थांबून, कुणी वाट बघत असल्यासारखी.

"सोडा भावोजी, ओढून नेईल तुम्हाला," मितेश म्हणाला. तो जागचा हलला नव्हता.

सुदेशने कमरेची गाठ सोडली. कडी उघडली, दोर काढला. क्षणभर टोक मुठीत धरलं, मग मूठ उघडली. टोक खडकावरून सळसळत गेलं, दोन्ही पाचरींतून निघालं, कडेवर पोचलं.

तिथे कडेवर काहीतरी पिवळं होतं. डोक्याएवढं गोल, लाल ठिपक्याचं, खाली वाकलेलं. वरचा माणूस खाली कोण दोर धरून उभं आहे ते बघायला वाकतो, तसं. सुदेशने डोळे बारीक केले तोवर ते मागे सरकलं.

हेल्मेट वरच राहिलंय, मितेश म्हणालाच होता. वाऱ्याने लवंडलं असेल. वारा नव्हता.

उतरताना अर्ध्या वाटेवर सुदेशच्या लक्षात आलं, की मितेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. "सुटलो" म्हणाला नव्हता. तो मितेशला तसं सांगणार होता. मितेश पुढे चालत होता आणि हॉलवाल्याबद्दल बोलत होता.

६

घरी शिवानीने दार उघडलं, दोघांना बघितलं आणि म्हणाली, "आलात बाई एकदाचे."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, ही यातली खरी अडचण. मितेश नोकरीला जात होता, फोनवर रुपालीशी गुलुगुलु बोलत होता, श्रियाला चिडवत होता. सुदेशने आडून आडून विचारून पाहिलं. शाळेतल्या मास्तरांचं नाव, घोटा सुजला तो दिवस, आईची साडी. सगळं बरोबर. एकही उत्तर नापास करता येईना. भेंडीसुद्धा तो मिटक्या मारत खात होता.

एकच बदल. डोंगराचं नाव काढलं की तो म्हणायचा, "बास आता भावोजी. संसार करायचा."

शिवानीला तर आभाळ ठेंगणं झालं. "बघा, शहाणा झाला माझा भाऊ," ती शेजारणीला सांगत होती. सुदेश समोरच बसला होता. हिला काय सांगणार? तुझा भाऊ घरी आला, पण त्याचा हात माझ्या खांद्याला लागलेला नाही? लोक वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवतील.

लग्न झालं. मितेश सुदेशच्या पाया पडला, वाकून, बोटांनी फक्त जमिनीला स्पर्श करून. सगळे म्हणाले, किती संस्कारी. जोडपं शहाडला भाड्याच्या जागेत राहायला गेलं.

७

सुदेश त्या दगडाकडे पहिल्यांदा परत गेला तो लग्नाआधीच, पुढच्याच रविवारी. दोर आणायला जातो, असं सांगून. पत्रिका वाटायला शिवानी आणि मितेश गेले.

"एकलंच?" विमलाबाईंनी विचारलं. "आनि तो तुमचा बडबड्या?"

"त्याला काम आहे."

त्याने आधी कातळाला फेरी मारली. मागची बाजू समोरच्यापेक्षा सरळ होती. पायऱ्या नव्हत्या, भेग नव्हती, शेवाळाचा हिरवा पडदा होता आणि तो कुठेही खरवडलेला नव्हता. मग तो समोरच्या उतारावर चढला आणि तिथून कातळाचा माथा पाहिला. दोन चटया पसराव्यात एवढी जागा, थोडं वाळलेलं गवत. दोर नव्हता, हेल्मेट नव्हतं, कोणी नव्हतं.

खाली उतरून तो समोर आला. दोर कडेवरून खाली लोंबत होता. टोक त्याच्या छातीपर्यंत आलेलं.

त्याने दोर हातात घेतला, हलकेच ओढला. पलीकडे वजन होतं. माणसाचं वजन, सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो. ते त्याला काट्याशिवाय सांगता आलं असतं.

"मितेश," तो म्हणाला. मोठ्याने नाही.

त्याने कमरपट्टा बांधला, दोर कडीत घातला, टोकाची गाठ कमरेला मारली आणि धरून बसला. दुपारी एकच्या सुमारास दोर वीतभर ढिला पडला. उतरणारा माणूस पाय खाली टेकवतो आणि दम घेतो, तेव्हा पडतो तसा. सुदेशने ती वीतभर ढील ओढून घेतली. चार वाजेपर्यंत दोन हात दोर आला. अंधार व्हायच्या आत निघायला हवं होतं. त्याने दोर बाजूच्या अंजनीच्या बुंध्याला तीन वेढे देऊन बांधला, गाठ दोनदा तपासली आणि म्हणाला, "रविवारी येतो रे. घट्ट धर."

मग तो दर रविवारी जाऊ लागला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही गेला. कधी दोन हात, कधी तीन. एका रविवारी काहीच आलं नाही आणि त्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही. शिवानी आधी चिडली, मग तिने नाद सोडला. माणसाला एखादं वेड असावं, दारूपेक्षा बरं, असं ती म्हणायची.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, साडेतीनच्या सुमारास, कातळाच्या कडेवरून मधली खूण खाली आली. काळी, बोटभर रुंद, त्याने स्वतः काढलेली. ऊन तिच्यावर पडलं होतं. म्हणजे अर्धा दोर उरला. सुदेशने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. मग हिशेब सोडून दिला, कारण दोराला झटके बसले. तीन नव्हे, दोनही नव्हे. एकच, हळू. अशी खूण त्यांच्यात ठरलेली नव्हती. पण कोण आहे हे विचारायला माणूस हाताला हात लावून बघतो, तसा तो झटका होता. सुदेशने तसाच एक परत दिला. आणि मग, या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा, तो रडला.

पुढच्या शनिवारी मितेश आणि रुपाली राहायला आले. पुढच्या खोलीत टीव्हीवर मॅच लागली होती आणि मितेशचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं. शिवानी उद्यासाठी भाजी चिरत होती.

"उद्या डबा दोघांचा दे," सुदेश म्हणाला. "भेंडी कर. मितेशला आवडते."

शिवानीची सुरी थांबली. "मितेश तर बाहेर बसलाय."

सुदेशने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं नाही.

"त्यालाही वाढ," तो म्हणाला.